चंदनतेल ते पायाची धमनी : बंगळुरूतल्या एका शतकाचा मागोवा

पहिले महायुद्ध पेटले आणि म्हैसूर संस्थानाच्या चंदनाला गिऱ्हाईक उरले नाही. तोवर लाकडाचा लिलाव होई, बराचसा माल जर्मनीला जाई आणि तेल तिकडेच निघे. ही वाट बंद झाल्यावर संस्थानचे उद्योग संचालक आल्फ्रेड चॅटर्टन यांनी बंगळुरूतल्याच टाटा इन्स्टिट्यूटचे, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेचे दार ठोठावले. तिथल्या सडबरो आणि वॉटसन या रसायनशास्त्रज्ञांनी ऊर्ध्वपातनाची पद्धत बसवून दिली आणि १९१६ साली बंगळुरूत चंदनतेलाचा सरकारी कारखाना सुरू झाला. आज आपल्याला त्यातला साबण तेवढा ठाऊक असतो. पण प्रतिजैविके येण्यापूर्वी हे तेल परम्यासारख्या मूत्रमार्गाच्या विकारांवर औषध म्हणून दिले जाई. त्यामुळे तेल नुसते काढून भागत नव्हते. त्यात काय आहे आणि किती आहे, हे सांगावे लागे.

बंगळुरूतल्या जैववैद्यकीय संशोधनाचा स्वभाव इथेच दिसतो. या शहराने शंभर वर्षांत जगाला थक्क करणारी औषधे फारशी दिली नाहीत. मात्र हातात आलेली गोष्ट नेमकी काय आहे, हे तपासून सांगण्यात ते तरबेज झाले. वनस्पती, आतडे आणि रक्तवाहिनी या तिन्ही विषयांत हे दिसते.

मराठी वाचकाला या इतिहासातले एक नाव घरचे वाटेल. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला १९३३ साली मुंबईहून भारतीय विज्ञान संस्थेत शिकायला आली. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तरीही संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मग ठरवू, या अटीवर त्यांना घेण्यात आले. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. त्या कामाने रामन यांचेही मत बदलले आणि पुढच्या मुलींना वाट मोकळी झाली. १९३९ साली कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. लग्नानंतर कमला सोहोनी म्हणून मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांचे मोजमाप केले आणि त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

कडधान्यांचा तो प्रश्न शहराने सोडून दिला नाही. सेंट जॉन्स संशोधन संस्थेत डॉ. अनुरा कुर्पाड यांच्या गटाने समस्थानिकांच्या खुणा लावलेली कडधान्ये माणसांना खायला देऊन, त्यांतली आवश्यक अमिनो आम्ले रक्तात किती उतरतात हे मोजले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत सालासकट मुगातली सुमारे ५८ टक्के, तर साल काढल्यावर सुमारे ६७ टक्के अमिनो आम्ले पचलेली दिसली. आजारी माणसाला मुगाच्या डाळीची खिचडी देणाऱ्या घरांना याचे नवल वाटणार नाही, पण आता त्यामागे आकडा आहे.

वनौषधींकडे संघटितपणे लक्ष गेले ते १९९३ साली. दर्शन शंकर यांनी सॅम पित्रोदांच्या साथीने स्थानिक आरोग्य परंपरांच्या पुनरुज्जीवनासाठी एफआरएलएचटी ही संस्था बंगळुरूत उभारली. त्याआधी ते कर्जतजवळ कशेळे इथे आदिवासींमध्ये काम करत होते आणि झाडपाल्याची त्यांची जाण त्यांनी तिथे जवळून पाहिली होती. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूच्या वनखात्यांबरोबर औषधी वनस्पतींची राखीव क्षेत्रे आखण्यापासून सुरुवात झाली. पुढे प्रयोगशाळा आल्या, रुग्णालय आले आणि २०१३ च्या राज्य कायद्याने येलहंक्याला विद्यापीठ झाले.

झाडपाल्याच्या बाजारातली मुख्य अडचण ओळखीची असते. भुईआवळी घ्या. काविळीवरचे हे घरगुती औषध सुकवून, चुरून पोत्यात भरले की कुणालाही ओळखू येत नाही. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातले प्रा. आर. उमा शंकर आणि अशोका ट्रस्टमधले (एट्री) त्यांचे सहकारी यांनी दक्षिण भारतातल्या २५ दुकानांतून भुईआवळी विकत आणली आणि डीएनएच्या आधारे तपासली. २०१० साली निष्कर्ष आले. ७६ टक्के नमुन्यांत अपेक्षित जातच प्रामुख्याने होती. उरलेल्यांत तिच्या पाच भावंडांची सरमिसळ निघाली. यात लबाडी कमी आणि गोळा करणाऱ्याची गफलत जास्त असू शकते, पण औषध घेणाऱ्याला परिणाम तोच.

याच गटाने सह्याद्रीतल्या नरक्याचाही पाठपुरावा केला. उग्र वासामुळे नावे ठेवलेल्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर उपयोगी पडणारे अल्कलॉइड असते. अमेरिकेत वॉल आणि वाणी यांनी ते १९६६ साली एका चिनी झाडात शोधले. १९७२ साली मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते नरक्यात भरपूर असल्याचे दाखवले. मग झाडावर संक्रांत आली. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या रानांतून चोरटी तोड सुरू झाली. झाड न तोडता हे रसायन मिळावे म्हणून बंगळुरूकरांनी नरक्याच्या आत राहणाऱ्या बुरशी वेगळ्या करून वाढवल्या. बुरशीने कॅम्प्टोथेसिन दिले, पण प्रयोगशाळेत पिढ्या वाढवत नेल्या तसे उत्पादन घटत गेले. प्रश्न सुटला नाही, पण कुठे अडतो ते कळले.

नरक्याची गोष्ट पुढे आतड्यात शिरते. कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेले इरिनोटेकॅन हे औषध यकृत निष्क्रिय करून पित्तावाटे आतड्यात सोडते. तिथले जिवाणू आपल्या विकराने ते पुन्हा जागे करतात आणि रुग्णाला भयंकर जुलाब होतात. २०१० साली नॉर्थ कॅरोलायनातल्या संशोधकांनी जिवाणूंच्या त्या विकरालाच लगाम घालून उंदरांना वाचवले. पोटातल्या जिवाणूंना वगळून अशा औषधांचा हिशेब पुरा होत नाही, हे यातून ठळक झाले.

आतड्याबाबत बंगळुरूचे दोन प्रयोग लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला आपल्या माजघरातल्या तांब्याच्या हंड्याचा. एफआरएलएचटीच्या पद्मा वेंकटसुब्रमण्यम आणि कोलकात्याचे पटकीतज्ज्ञ यांनी पाण्यात पटकी, आमांश आणि हगवण घडवणारे जिवाणू मुद्दाम मिसळून ते तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले. नंतर एकही जिवाणू वाढवून दाखवता आला नाही. पाण्यात उतरलेले तांबे लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २ मिलिग्रॅमची आहे. हे २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यातून हंड्याचा मोठेपणा सिद्ध झाला, तशी त्याची अटही: रात्रभर थांबावे लागते.

दुसरा प्रयोग डाळिंबाचा. त्यातल्या एलॅजिक आम्लापासून आतड्यातले काही जिवाणू युरोलिथिन-ए नावाचे रसायन बनवतात. बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेतले प्रवीण वेमुला आणि अमेरिकेतल्या लुईव्हिल विद्यापीठातले व्यंकटकृष्ण जाला यांच्या गटांनी २०१९ साली दाखवले की हे रसायन, आणि त्यावरून प्रयोगशाळेत घडवलेले यूएएस-०३ हे त्याचे भावंड, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे घट्ट करते. उंदरांच्या मोठ्या आतड्याचा दाह त्याने कमी झाला. सोलापूर-सांगोल्याच्या बागायतदाराला ही बातमी गोड लागेल, पण दोन गोष्टी विसरू नयेत. हे निष्कर्ष उंदरांचे आहेत. आणि डाळिंबाचे युरोलिथिन करणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात नसतात.

आता रक्तवाहिन्या. मधुमेह्याच्या पायाची धमनी चुन्याने आणि चरबीने बुजते, संवेदना जाते, साधी जखम चिघळते आणि प्रकरण पाय कापण्यावर येते. एकेकाळी शल्यचिकित्सक कापायचे कुठून एवढेच ठरवत. वसंतनगरच्या भगवान महावीर जैन रुग्णालयात डॉ. के. आर. सुरेश यांनी उभारलेल्या जैन रक्तवाहिनी विज्ञान संस्थेने (जिवास) पाय वाचवणे हेच काम मानले. अडथळा कुठे आहे ते आधी शोधायचे, मग रुग्णाच्याच पायातली शीर वापरून बायपास करायचा किंवा फुगा घालून वाट मोकळी करायची. शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे म्हणजे या विषयातले डॉक्टर इथे घडले.

शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊच नये, यासाठीही काम झाले. भारतीय विज्ञान संस्थेचे जी. के. अनंतसुरेश यांचा यांत्रिकी गट आणि राज्य सरकारची अंतःस्राव संशोधन संस्था यांनी मिळून त्रिमितीय छपाईची चप्पल बनवली, तिचे वर्णन २०२२ साली प्रसिद्ध झाले. तळव्याच्या एका जागी ठरावीक मर्यादेपलीकडे दाब आला की तिथली कमान खाली लवते आणि भार शेजारी सरकतो. वीज नाही, सेन्सर नाही.

धमनीच्या शल्यचिकित्सेला आतड्यातल्या जिवाणूंशी जोडणारा धागा अमेरिकेतल्या क्लीव्हलँडहून आला. अंडी-मांसातल्या लेसिथिनपासून जिवाणू एक वायू बनवतात, यकृत त्याचे टीएमएओ करते आणि रक्तात ते जास्त असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक दिसतो. स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०११ साली हा संबंध मांडला आणि २०१३ साली ४००७ रुग्णांत तपासला. टीएमएओ हे कारण की नुसते लक्षण, हा वाद अजून चालू आहे. तो सोडवायला जिवाणू ओळखणारे आणि धमनी उघडणारे एका टेबलाशी बसले पाहिजेत.

बंगळुरूचे उणे नेमके इथे आहे. इनस्टेम, कृषी विद्यापीठ आणि येलहंक्याचे वनौषधी विद्यापीठ उत्तरेच्या एकाच पट्ट्यात आहेत. धमनीचा रुग्ण मात्र दूर वसंतनगरच्या खाटेवर. खुद्द भारतीय विज्ञान संस्थेला स्वतःच्या रुग्णालयाचा करार करायला २०२२ साल उजाडले. बागची आणि पार्थसारथी दांपत्यांच्या ४२५ कोटी रुपयांच्या देणगीतून ८०० खाटांचे रुग्णालय ठरले, तेही संस्थेच्या स्थापनेनंतर ११३ वर्षांनी. शतकाचा ताळेबंद असा: ओळख पटवण्यात पैकीच्या पैकी, रुग्णापर्यंत पोचण्यात जेमतेम उत्तीर्ण. पुढच्या दशकात या शहराकडे शोधनिबंधांपेक्षा माणसांवरच्या चाचण्यांचा हिशेब मागावा. तोवर आपण डाळिंब फळ म्हणून खावे, भुईआवळीची पुडी खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावी, आणि मधुमेह असेल तर रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत.