मेणाचा डावा पाय

तेल्हाऱ्याच्या माणसाला पायी जाणारे लोक नवे नाहीत. शेगाव जवळ. प्रकटदिन आला, ऋषिपंचमी आली की रस्त्यानं पताका दिसू लागतात. दिंडीच्या मागे-पुढे कोणी एकटाच अनवाणी चाललेला असतो. त्याला थांबवायचं, चहा पाजायचा, पण ‘कशासाठी निघालास?’ हे विचारायचं नाही. मला मात्र लहानपणापासून नेमकं तेच विचारायची ओढ. तिच्या नादानं मी यात्रांवरची पुस्तकं गोळा करत गेलो आणि त्यांत एक फ्रेंच जेझुइट भेटले. त्यांनी मला बरीच वर्षं सोडलं नाही.

फादर गी देलरी. रोमन कॅथलिक धर्मगुरू. पुण्यात राहून मराठी शिकले, तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. ते पुस्तक 1956 साली पॅरिसच्या गालिमार प्रकाशनानं काढलं. त्याच्या नावाचा अर्थ ‘यात्रेकरूची स्तोत्रं’. पुढे 1960 मध्ये डेक्कन कॉलेजनं त्यांचा ‘द कल्ट ऑफ विठोबा’ हा इंग्रजी ग्रंथ छापला. पालख्या कुठून निघतात, मुक्काम कुठे पडतात, दिंडीत कोण कुठे चालतं, हे सगळं त्यात आहे. कारण देलरी स्वतः वारीत चालले होते. रोज मिस्सा अर्पण करणारा माणूस आषाढात टाळ-मृदंगाच्या गजरात पंढरीकडे चालतो आणि त्याला स्वतःच्या धर्माला मुरड घालावी लागत नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं. त्याच्या घरच्या परंपरेत रोम होतं, जेरुसलेम होतं, स्पेनमधलं सांतियागो होतं. चालणं म्हणजे प्रार्थना, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

खरी गंमत पुढेच झाली. व्हिक्टर टर्नर हे मानववंशशास्त्रज्ञ आफ्रिकेतल्या एन्देंबू लोकांच्या विधींचा अभ्यास करून परतले आणि 1950च्या दशकाच्या अखेरीस कॅथलिक झाले. नंतर पत्नी एडिथ यांच्यासह ते मेक्सिकोतल्या ग्वादालुपेला गेले, आयर्लंडमधल्या लॉख डर्गला गेले. यात्रेत माणसं आपलं पद, घराणं, प्रतिष्ठा मागे ठेवतात आणि काही काळ निव्वळ माणसं म्हणून एकमेकांना भेटतात, असा त्यांचा सिद्धांत. ‘कम्युनिटास’ हे त्यांनी त्या अवस्थेला दिलेलं नाव जगभर गाजलं. त्यांच्या 1974च्या पुस्तकात यात्रांवर एक मोठं प्रकरण आहे, आणि त्यात पंढरपूर आहे, देलरींच्या ग्रंथाच्या आधारानं. कॅथलिक यात्रेचा अर्थ लावणाऱ्या विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या विचारवंताच्या हाताशी आपली वारी होती! आपल्याकडे हे कितीजणांना ठाऊक आहे?

त्याच प्रकरणात दुसरी साक्ष आहे, ती मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची. त्यांच्या वारीवरच्या लेखाचा इंग्रजी अनुवाद 1962 मध्ये प्रसिद्ध झाला होता. इरावतीबाईही डेक्कन कॉलेजच्याच. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा बायका एकत्र चालत, एकत्र भजन म्हणत, पण चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. इरावतीबाईंना ते रोज खुपत होतं आणि त्यांनी ते लिहिलं. टर्नर यांनी ही खंत नोंदवली खरी, पण आपला सिद्धांत काही सोडला नाही. पुढे 1991 मध्ये जॉन ईड आणि मायकल सॅलनो या अभ्यासकांनी टर्नर यांच्या सिद्धांतावर हल्ला चढवला: यात्रा हा एकोप्याचा सोहळा नव्हे, प्रत्येकजण तिथे आपापला अर्थ घेऊन येतो आणि ते अर्थ एकमेकांवर आदळतात. मला या भांडणात दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. दोघंही गर्दीकडे पाहतात. एकट्यानं अनवाणी चाललेला तो माणूस दोघांच्याही हाती लागत नाही.

तो मला दिसला वांद्र्याला.

तिथल्या टेकडीवरच्या मरियेच्या देवळाची, मोत माउलीची जत्रा मुंबईकरांना सांगायला नको. 8 सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्याला धरून आठवडाभर टेकडी माणसांनी भरलेली असते. या देवळाचा इतिहास मराठी माणसानं मुद्दाम वाचावा असा आहे. वांद्रे ज्यात येतं त्या साष्टीवर मराठ्यांची स्वारी चालू असताना 1738 मध्ये, मोक्याची ही जागा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून पोर्तुगीजांनी स्वतःच तिथलं चॅपल पाडलं. पुढच्या वर्षी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मग 1760 मध्ये चॅपल पुन्हा उभं राहिलं, आणि साष्टी तेव्हा पेशव्यांकडे होती. इंग्रजांनी ती घेतली 1774 मध्ये. म्हणजे आपली फौज पानिपताकडे निघाली त्या सुमारास, मराठी अमलाखाली, वांद्र्याचे ख्रिस्ती आपल्या माउलीचं घर बांधत होते. आजची इमारत 1904ची, आणि तिचे वास्तुकार शापूरजी चंदाभॉय हे पारशी. जत्रेला कोळी येतात, गुजराती येतात, बुरखा घेतलेल्या बायकाही रांगेत दिसतात.

चढावर मेणाच्या वस्तूंची दुकानं लागतात. हात, पाय, बाळ, घर. ज्याचं दुखणं, ज्याची आस, त्याचा आकार. एका दुकानापुढे साठीपुढच्या एक बाई पाय निवडत होत्या. त्यांनी एक उचलला, उन्हात धरला, परत ठेवला.

“दादा, डावा द्या. हा उजवा आहे.”

“मावशी, चालतो कोणताही. लोक पाहत नाहीत.”

“लोकांना नाही द्यायचा. तिला कळायला नको का, कोणता दुखतो ते?”

दुकानदारानं टोपली उपसली आणि डावा पाय शोधून दिला. अंगठा उजवीकडे आहे ना, हे बाईंनी बोट फिरवून पाहिलं. मग रस्त्याच्या कडेला होऊन त्यांनी तो पदराखालून स्वतःच्या गुडघ्यावर तीनदा फिरवला आणि कठडा धरत वर चढू लागल्या.

नवसावर थोरांनी कोरडे ओढले आहेत. तुकोबांनी ओढले. तिकडे मार्टिन लूथरनं 1520 मध्ये रोमच्या यात्रा बंद करा म्हणून लिहिलं. देवाशी देवघेव करू नये, हे दोघांचं म्हणणं मला मान्य आहे. पण त्या बाई सौदा करत नव्हत्या. त्या पत्ता सांगत होत्या. इतक्या माणसांच्या आणि इतक्या दुखण्यांच्या ढिगात माझं दुखणं नेमकं हे, इथे, या गुडघ्यात आहे. घरात सून ऐकून घेत नाही, दवाखान्यात नंबर पुकारला की दोन मिनिटांत बाहेर. इथे मात्र कोणीतरी ते डावं-उजव्यासकट ऐकणार, असा त्यांचा भरवसा. यात्रेचा खाजगी अर्थ मला तिथे सापडला. निष्काम वारी थोर आहेच, पण मागणारा माणूस खालच्या पायरीवरचा आहे असं मला आता म्हणवत नाही.

टर्नर गेले होते त्या लॉख डर्गच्या बेटावर आजही लोक तीन दिवस अनवाणी राहतात, दिवसातून एकदा कोरडा पाव आणि बिनदुधाचा चहा घेतात, एक अख्खी रात्र जागून काढतात. शेकडो जण असतात, पण दगडी वर्तुळांभोवती फिरताना ज्याची प्रार्थना त्याच्या ओठांतच. वांद्र्याच्या बाईंना ते लोक लगेच ओळखू आले असते.

वांद्र्यासारखीच मरियेची जत्रा भरणाऱ्या हरेगावबद्दल सांगायचं राहिलं. श्रीरामपूरजवळच्या या एकेकाळच्या साखर कारखान्याच्या गावी दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. खेड्यापाड्यांतले मराठी ख्रिस्ती, त्यांत बहुसंख्य दलित कुटुंबांतले, कोणी चालत, कोणी टेम्पोनं येतात. ही माणसं वारीच्या मुलखातलीच आहेत. त्यांच्या आज्या-पणज्यांनी पालख्या पाहिल्या. देलरी पंढरीच्या वाटेवर जसे चालले तसं कोणीतरी या वाटेवर चालावं. मुक्काम, अंतरं, पताका हे तर लिहावंच. पण कोणी काय मागितलं ते विचारावं, आणि सांगणाऱ्याचे शब्द न बदलता उतरवून घ्यावेत.