डुक्कर चावलेला कोळी

किरणोत्सर्गी कोळी चावला आणि पीटर पार्करचा स्पायडर-मॅन झाला, ही गोष्ट आता शाळकरी पोरांनाही पाठ असते. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ती रचली. पुढे त्याच मार्व्हल कंपनीने ही गोष्ट चक्क उलटी करून छापली. या उलट्या गोष्टीतला नायक जन्मानेच कोळी आहे. त्याचं नाव पीटर. एका तळघरातल्या प्रयोगशाळेत तो सुखाने राहतोय. आणि त्याला चावते एक डुकरीण.

ही डुकरीण साधीसुधी नव्हे, शास्त्रज्ञ आहे. नाव मे पोर्कर. अणुशक्तीवर चालणारा जगातला पहिला हेअर ड्रायर तिने तयार केलाय, आणि डोकं ओलं करून ती तो स्वतःवरच चालवून बघते. व्हायचं तेच होतं. किरणांनी भ्रमिष्ट झालेली मे त्या भरात बिचाऱ्या कोळ्याला चावते, आणि कोळ्याचं डुक्कर होतं. दोन पायांवर चालणारं, बोलणारं, कपडे घालणारं डुक्कर. मूळ गोष्टीतल्या मे काकूची जागाही पुढे तीच घेते. कोळ्याचा झाला पीटर पोर्कर, ऊर्फ स्पायडर-हॅम.

आता जरा हिशेब मांडून बघा. कोळी चावल्यावर माणसाला कोळ्याचे गुण मिळतात, हा मूळ गोष्टीचा नियम. मग डुक्कर चावल्यावर कोळ्याला डुकराचे गुण मिळणार. काय मिळालं त्याला? चपटं नाकाड, दोन कान, गोल पोट. भिंतीवर चढणं त्याला आधीपासूनच येत होतं! म्हणजे स्पायडर-मॅनची महाशक्ती ही त्याला नव्याने लाभलेली गोष्ट, आणि या गड्याची महाशक्ती म्हणजे त्याच्या मागच्या आयुष्यातलं उरलंसुरलं सामान. मला तर वाटतं, नियमाच्या बाबतीत हे डुक्कर मूळ नायकापेक्षा जास्त काटेकोर आहे. पार्करला कोळी चावूनही आठ पाय फुटले नाहीत, तो देखणा तरुणच राहिला. त्याच्या लेखकांनी त्याला सवलत दिली. पोर्करला ती मिळाली नाही, त्याचं अंगच्या अंग बदललं. चांगल्या विडंबनाची हीच गंमत असते. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’मध्ये वृत्त कसं चोख असतं, आणि म्हणूनच आशय घसरला की हसू फुटतं. इथे वृत्ताच्या जागी चावा आहे, इतकंच.

स्पायडर-हॅम पहिल्यांदा दिसला तो मार्व्हलच्या एका कॉमिकच्या नोव्हेंबर १९८३च्या अंकात. लेखक टॉम डीफाल्को, चित्रकार मार्क आर्मस्ट्राँग. नंतर मार्व्हलने लहान मुलांसाठी ‘स्टार कॉमिक्स’ नावाची शाखा काढली, तिथे १९८५ ते १९८७ या काळात त्याच्या स्वतःच्या मासिकाचे १७ अंक निघाले. त्याच्या जगात सगळेच प्राणी. कॅप्टन अमेरिकाच्या जागी कॅप्टन अमेरिकॅट नावाचं मांजर, हल्कच्या जागी हल्क-बनी नावाचा ससा, डॉक्टर डूमच्या जागी डक्टर डूम नावाचं बदक, आणि वर्तमानपत्राचा खेकसणारा संपादक म्हणजे जे. जोना जॅकल नावाचा कोल्हा. अशा विनोदांना काही जण नाकं मुरडतात. मुरडोत. ज्या डीफाल्कोने हे डुक्कर जन्माला घातलं, तो १९८७ साली मार्व्हलचा मुख्य संपादक झाला.

अर्थात प्राण्याला झूल चढवून सुपरहिरो करण्याची खोड त्याहून खूप जुनी. सुपरमॅन आला १९३८ साली. चारच वर्षांत, १९४२मध्ये, टेरीटून्स या कार्टून स्टुडिओने उडणारा उंदीर पडद्यावर आणला. आधी म्हणे माशी उडवायची होती, पण स्टुडिओचे मालक पॉल टेरी यांनी उंदीर पसंत केला. या उंदराला शक्ती कशी मिळते ते बघण्यासारखं आहे. मांजरांपासून जीव वाचवत तो एका सुपरमार्केटमध्ये शिरतो. तिथे सुपर साबणाने अंघोळ करतो, सुपर सूप पितो, सुपर सेलरी खातो आणि सुपर चीजच्या गड्ड्यात डोकं खुपसतो. बाहेर पडतो तो सुपर माऊस! कुठला दूरचा ग्रह नाही की प्रयोगशाळा नाही, वाणसामानातून आलेली शक्ती. दोनेक वर्षांत त्याचं नाव बदलून मायटी माऊस झालं आणि त्याच नावाने तो जगभर गाजला.

त्याच १९४२ साली फॉसेट कंपनीच्या कॉमिकमध्ये हॉपी नावाचा ससा आला. हा ससा कॅप्टन मार्व्हलची कॉमिक वाचतो, त्यातला ‘शझॅम’ हा जादूचा शब्द आपणही उच्चारून बघतो, आणि त्याला शक्ती मिळते. वाचकाचाच नायक झाला. खुद्द कॅप्टन मार्व्हल ही आपल्या सुपरमॅनची नक्कल आहे, असं म्हणून सुपरमॅनवाल्यांनी फॉसेटवर खटला भरला होता. तो १९५३ साली तडजोडीने मिटला आणि फॉसेटने सुपरहिरोंचा धंदा गुंडाळला. म्हणजे हॉपी हा कोर्टात नक्कल ठरू घातलेल्या नायकाची उघड नक्कल. आणि तो तर त्या नायकाचा घरचाच ससा!

आपल्याच नायकाची टर उडवण्यात सगळ्यांवर कडी केली ती बॉब केन यांनी. बॅटमॅनच्या जन्मदात्यांपैकी एक असलेल्या या गृहस्थांनी १९६०मध्ये टीव्हीसाठी ‘करेजस कॅट अँड मिनिट माऊस’ ही कार्टून मालिका काढली. मांजर आणि उंदीर, गुहा, खास मोटार: सगळा संसार बॅटमॅन-रॉबिनचाच. आणि १९८४मध्ये केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी स्वतःच प्रकाशित केलेली निन्जा कासवं आठवा. मार्व्हलच्या डेअरडेव्हिलला ज्या अपघातात रसायन लागून अंधत्व येतं, त्याच अपघातातला डबा पुढे गटारात जातो आणि कासवांवर सांडतो, अशी ती खोडकर सुरुवात. डेअरडेव्हिलच्या गुरूचं नाव स्टिक, म्हणजे काठी. कासवांच्या गुरूचं स्प्लिंटर, म्हणजे काठीची ढलपी. पुढे कासवं इतकी मोठी झाली की आपण कुणाची नक्कल पाहतोय याचा बहुतेक प्रेक्षकांना पत्ताही नसतो.

स्पायडर-हॅमच्या बाबतीत तसं होत नाही. तो बघताक्षणी ओळखू येतो, आणि याचं श्रेय मी डिटको यांच्या पोशाखाला देईन. सुपरमॅनचा चेहरा उघडा. बॅटमॅनची हनुवटी दिसते. स्पायडर-मॅनचं मात्र नखही दिसत नाही. लाल-निळा रंग, लालवर जाळ्याच्या रेघा, पांढरे मोठे डोळे, बस्स. आत माणूस आहे याचा चित्रात एकही पुरावा नाही. म्हणूनच त्या कापडाला पुढे नाकाड आणि वर दोन कान काढले, उंची निम्मी केली, तरी ओळख पुसली जात नाही. हाच खेळ सुपरमॅनवर करा. चेहरा गेला की छातीवरच्या अक्षरावर सगळी भिस्त.

२०१८ साली ‘स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट आला आणि नंतर त्याने ऑस्करही पटकावलं. वेगवेगळ्या विश्वांतले स्पायडर-नायक त्यात एकत्र येतात आणि प्रत्येक जण आपापल्या विश्वाची चित्रशैली अंगावर घेऊन येतो. स्पायडर-मॅन नॉयर काळा-पांढरा, पेनी पार्कर जपानी अॅनिमेसारखी, आणि हॅम जुन्या कार्टूनमधल्यासारखा. त्याला आवाज दिला विनोदी कलाकार जॉन मुलेनी याने. हॅमवर भौतिकशास्त्राचे नियम चालत नाहीत. भलामोठा हातोडा त्याच्या खिशात मावतो, आणि जाताना तो हातोडा तो चित्रपटाचा नायक माइल्स याला भेट देतो. खलनायक स्कॉर्पियन त्याला कार्टून म्हणून हिणवतो तेव्हा हॅम त्याच्या डोक्यात अख्खी ऐरण घालतो. निरोप घेताना तो दुसऱ्या एका प्रसिद्ध स्टुडिओच्या डुकराचं जगप्रसिद्ध समारोपाचं वाक्य टाकतो, आणि शेजारचा पीटर पार्कर चिंतेत पडतो की हे कायद्यात बसतं का. मला हा चित्रपटातला सर्वांत शहाणा विनोद वाटतो, कारण हॉपी सशापासून चालत आलेला कोर्टाचा धाक त्या एका शंकेत आहे.

मार्व्हलने तर हॅमच्या विश्वाला रीतसर क्रमांकही दिलाय: पृथ्वी-८३११. १९८३चा अकरावा महिना.

२०२३च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये शेवटी ग्वेन ही स्पायडर-नायिका मदतीला जो चमू जमवते त्यात हॅम आहे, आणि पवित्र प्रभाकरही. हा पवित्र २००४च्या भारतीय कॉमिकमधला, गावाकडून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकायला आलेला, धोतर नेसून इमारतींवरून उड्या मारणारा. चित्रपट आपल्याकडे मराठीतही आला, तो बऱ्याच अंशी याच पोराच्या जोरावर. मूळ कॉमिकमध्ये पवित्रला शक्ती दिली ती एका योग्याने. कोळी त्याला चावलेलाच नाही. तरीही त्याला स्पायडर-मॅन म्हणायला कुणाची हरकत नाही. आणि चमूत कोळी म्हणून जन्माला आलेला एकच, त्याला सगळे डुक्कर म्हणतात.