जुन्या एस्टीमचे ब्रेक: आधी ऑइल, मग डिस्क

इंजिनाची ताकद वाढवली, पण ब्रेक जुनेच? नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर वेग ताशी 40 किमीवरून 80 झाला की गाडी थांबवताना चौपट ऊर्जा जिरवावी लागते, मित्रांनो! माझ्या मारुती एस्टीमला पुढे डिस्क, मागे ड्रम. मोठ्या डिस्कआधी मी ब्रेक ऑइल बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि आपली खाडीकाठची हवा किती दमट! नव्या डॉट 4 दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस, ओलावा मुरला की तो 155 पर्यंत घसरू शकतो. मग उतारावर ऑइल उकळतं, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. पारसिक हिल उतरताना मी हे अनुभवलंय. निघालेलं ऑइल चहासारखं काळपट होतं. मग फुगलेले रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे घातले, पॅड बदलले. डिस्क मोठी करायची तर चाकात कॅलिपर मावतो का, ते आधी मोजा.