तार सरकली म्हणजे चाचणी फसली का?

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरही न थांबणाऱ्या वेदनेसाठी मज्जारज्जूला सौम्य विद्युत्स्पंद देतात. मेल्झॅक आणि वॉल यांच्या वेदनेविषयीच्या १९६५च्या सिद्धांतातून सुचलेला हा उपचार १९६७मध्ये नॉर्मन शीली यांनी अमेरिकेत प्रथम केला.

कायमचे यंत्र बसवण्याआधी साधारण आठवडाभर चाचणी होते. सुईवाटे बारीक तार मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. बॅटरी अंगाबाहेरच राहते. पहिल्या दिवशी पाय हलका वाटावा आणि तिसऱ्या दिवशी कळ परत यावी, असे घडते, आणि माणूस तिथेच खचतो. पण बरेचदा तार काही मिलिमीटर सरकलेली असते, स्पंदांच्या मुंग्या पायाऐवजी बरगडीत येतात. तारेवरची दुसरी इलेक्ट्रोड निवडून पुष्कळदा आराम परत मिळतो. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, मुकाट्याने सोसत बसू नका.

पुण्यात सवय सुटत नाही ती दुचाकीची. तार सरकू नये म्हणून चाचणीच्या आठवड्यात ती नकोच. वाकून फरशी पुसणे, फडताळावरचा डबा काढायला हात उंचावणेही नको. ताप आला, जखमेतून पू आला किंवा पायातली ताकद गेली, तर थेट रुग्णालय गाठा.

वेदना निदान निम्मी झाली नाही, तर सहसा कायमचे यंत्र बसवत नाहीत. नको असलेली एक शस्त्रक्रिया त्यामुळे टळते.