खालची पट्टी

कामशेतला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत माझ्या एका मित्राचं फ्लेक्सचं दुकान आहे. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून मी तिथला फुकटचा मुद्रितशोधक. ‘हार्दिक’मधली दि ऱ्हस्व, ‘आशीर्वाद’मधली शी दीर्घ, ‘शुभेच्छुक’मधला छु ऱ्हस्व, एवढीच माझी सत्ता. मजकूर खरा की खोटा ते बघायचं नाही, हे मित्राने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय.

२०२४च्या विधानसभेला, १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागल्यापासून २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत, मी जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे बसलो. पहिल्या रात्री छापायला काहीच नव्हतं, सगळी धावपळ उतरवायची. ज्याने फलक लावले तोच अंधारात उतरवून नेत होता. सरकारी माणसं काढतात तेव्हा फ्लेक्स फाटतो आणि लाकडी रिपाही जातात. रिपा पुन्हा वापरता येतात. फ्लेक्सही वाया जात नाही. ते दिवस इंद्रायणी भाताच्या काढणीचे, खळ्यावर झोडणीसाठी खाली अंथरायला असलं कापड दुसरं नाही.

कॉम्प्युटरवर बसणारा पोरगा नाणे मावळातला. त्याच्याकडून मी शिकलो की फलक म्हणजे एकावर एक ठेवलेले थर. तळाला पक्षाचा रंग, त्यावर चिन्ह, त्यावर उमेदवार हात जोडून. मग वरची पट्टी, म्हणजे दिल्ली-मुंबईचे नेते. आणि खालची पट्टी, म्हणजे ज्याने पैसे द्यायचे कबूल केलंय तो आणि त्याचे मित्र. कोणताही थर एका टिचकीत लपवता येतो, पुसावा लागत नाही. पोरगा जुनं काही पुसत नसेच. “सर, लागतंच परत,” म्हणायचा.

कार्यकर्ता येतो तेव्हा खुर्चीत बसत नाही. पोराच्या मागे उभा राहतो आणि पडद्यावर बोट टेकवतो. वरच्या पट्टीत कोण आधी, कोणाचं डोकं केवढं, कोणाची नजर कोणाकडे, यावर तासभर जातो. एकदा तर तालुक्याच्या नेत्याचं डोकं जिल्ह्याच्या नेत्यापेक्षा बोटभर मोठं झालं म्हणून छापून झालेला दहा बाय आठचा फ्लेक्स परत आला. मजकुराचं विचारलं की उत्तर ठरलेलं: “टाका नेहमीचा.” मग नेहमीचा पडतो. कार्यसम्राट, विकासपुरुष, भूमिपुत्र. मतदाराला उद्देशून असलेली ओळ सगळ्यात कमी वेळात ठरते. मला तेव्हा कळलं की फ्लेक्स मतदाराने वाचावा म्हणून लावतच नाहीत. तो वरच्या पट्टीतल्या माणसाने गाडीच्या काचेतून बघावा म्हणून असतो, आणि शेजारच्या गल्लीतल्या प्रतिस्पर्ध्याने जळावं म्हणून.

पोराच्या फोल्डरमध्ये मावळचा अर्वाचीन इतिहास आहे. २०१९च्या लोकसभेच्या फाइलीत श्रीरंग बारणे एकीकडे आणि अजित पवार समोरच्या बाजूला. बारणे यांनी अजित पवारांचे पुत्र पार्थ यांना २,१५,९१३ मतांनी हरवलं ते तेव्हा. २०२४च्या एप्रिलमधल्या फाइलीत बारणे आणि अजित पवार एका पट्टीत, शेजारी शेजारी. पोराने जुन्याच फाइलीतून दोन्ही चेहरे उचलले होते, फक्त जागा बदलल्या. त्याआधी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजित पवारांच्या पक्षाला शरद पवारांचं नाव आणि छायाचित्र प्रचारात वापरू नका असं बजावलं होतं, आणि घड्याळ हे चिन्ह न्यायप्रविष्ट असल्याची ओळ जाहिरातीत टाकायला सांगितलं होतं. ती ओळ किती बारीक चालेल, हा त्या सबंध हंगामातला सर्वांत गंभीर कायदेशीर प्रश्न आमच्या दुकानात चर्चिला गेला.

विधानसभेला तर पोरगा पार गोंधळला. सुनील शेळके २०१९ला ऐन निवडणुकीत भाजपमधून राष्ट्रवादीत गेले आणि त्यांनी राज्यमंत्री असलेल्या बाळा भेगडे यांना पाडलं. पाच वर्षांनी तेच शेळके महायुतीचे, म्हणजे भाजपच्याही युतीचे उमेदवार. बाळा भेगडे मात्र अपक्ष बापू भेगडे यांच्या पाठीशी. बापू भेगडे शेळक्यांच्याच पक्षातून बाहेर पडलेले, आणि महाविकास आघाडीनेही स्वतःचा उमेदवार न देता त्यांनाच पाठिंबा दिलेला. वर्तमानपत्रांनी याला ‘मावळ पॅटर्न’ म्हटलं. दुकानात आम्ही त्याला ‘वर कोण?’ म्हणत होतो. कारण एका संध्याकाळी अपक्षाकडचा एक कार्यकर्ता आला, तो मूळचा कमळवाला, त्याच्या खालच्या पट्टीत दोघे तुतारीवाले. वरच्या पट्टीत कोणाला घ्यायचं? त्याने बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, “वर फक्त महाराज.” छत्रपतींना कुठल्याच आघाडीची हरकत नसते.

एक फाइल मात्र मला हसू न देणारी होती. पवना धरणातून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं, त्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. पाणी ज्यांना हवं ते बरेचसे पिंपरी-चिंचवडकर आणि धरणासाठी जमिनी गेलेले पवन मावळातले लोक लोकसभेला एकाच मतदारसंघात मत देतात. एका पदाधिकाऱ्याची ऑर्डर होती, एकच डिझाइन, दोन मजकूर. शहराकडच्यावर ‘मुबलक पाणी हाच ध्यास’. पवनानगरकडच्यावर ‘थेंबही जाऊ देणार नाही’. फोटो तोच, जोडलेले हात तेच. मी दोन्हीतलं शुद्धलेखन तपासलं. दोन्ही निर्दोष होते.

आता खालच्या पट्टीच्याही खाली, फ्रेममध्ये निम्मी झाकली जाणारी एक ओळ असते: मुद्रक, प्रकाशक, प्रती. त्यातली मुद्रक-प्रकाशकाची नावं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमाने सक्तीची केली आहेत. प्रकाशकाने सहीचं घोषणापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्ष करायची, छापणाऱ्याने ते प्रतीसह प्रशासनाला धाडायचं. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विधानसभेला उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख, म्हणून या ओळीतल्या आकड्याला महत्त्व. मित्र विचारतो, “प्रती किती लिहू?” समोरचा म्हणतो, “लिहा पाच.” मशीन रात्रभर चालू, सकाळी टेम्पो भरून आंदर मावळात जातो. शाईच्या वासाने डोकं चढतं. साक्षीदार म्हणून मी दोनदा सही केली. त्या माणसाला मी ओळखत होतो हे खरं, त्याच्या शाळेतल्या उत्तरपत्रिका मीच तपासल्या होत्या. पाच हा आकडाही माझ्याच अक्षरातला आहे.

दिवाळी मध्येच आली. तेव्हाच्या फलकांवर उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही, नुसता आकाशकंदील, पणती आणि ओळखीचा चेहरा. शुभेच्छा कुणाच्या खर्चात धरायच्या यावर वाद घालता येतो, आणि वाद संपेपर्यंत तुळशीचं लग्न होतं. लोणावळ्यात असे बरेच लागले. तिथे चिक्की घ्यायला थांबलेल्या मुंबईकरांनीच ते जास्त वाचले असतील, ज्यांचं मत इथे नाही.

२३ नोव्हेंबरला शेळके १,०८,५६५ मतांनी निवडून आले. आकडा पुरता कळायच्या आत ‘वर फक्त महाराज’वाला दुकानात हजर. नव्या आमदारांच्या अभिनंदनाचा फलक हवा होता, वीस बाय दहा, आजच. पोराने त्याची जुनी फाइल उघडली आणि वरच्या पट्टीचा झाकलेला थर चालू केला. मित्राने आधीच्या बिलाची आठवण दिली.

“ते याच्यातच धरा की, शेठ.”

“नावावर कोणाच्या?”

“आधीचं आधीच्याच.”

मजकूर या वेळी त्याने स्वतः मोबाइलवर लिहून आणला होता. मी वाचला. शेवटची ओळ होती, ‘आपला एकनीष्ठ कार्यकर्ता’. मी नी ऱ्हस्व केली.