एकाच अंड्याचा संसार

दक्षिण अटलांटिक महासागरांत, विषुववृत्ताच्या दक्षिणेस आठ अंशांवर, असेन्शन नांवाचें ज्वालामुखीजन्य बेट आहे. पुढें १५१० मध्यें गोवें जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्क यानें १५०३ मध्यें ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणावरून त्यास हें नांव दिलें. मनुष्यवस्ती होण्यापूर्वीं येथें समुद्रपक्ष्यांचेंच राज्य होतें.

त्यांत संख्येनें मोठी जात काजळी सुरय हिची. पाठ काळी, पोट पांढरें, शेपूट दुभंगलेली. ती घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर एकच अंडें घालते. नर व मादी आळीपाळीनें सुमारें चार आठवडे त्यावर बसतात. उष्ण प्रदेशांत अंड्यास ऊब देण्याइतकेंच त्याला उन्हापासून वांचविणेंहि अगत्याचें असतें. पिलूं बाहेर आलें म्हणजे आईबाप दूरच्या समुद्रांतून मासे गिळून आणतात व तें अन्न त्याच्या चोंचींत उतरवितात. हजारों पक्ष्यांच्या कोलाहलांत तीं आपलें पिलूं आवाजावरून ओळखतात.

कोंबडी डझनभर अंडीं घालते, मग हिचें एकच कां? उष्ण समुद्रांत भक्ष्य विरळ असतें. तें शोधण्यास इतकें दूर जावें लागतें कीं, दोघांच्या श्रमानें एकच पिलूं कसेंबसें पोसतें. ही उणीव दीर्घायुष्यानें भरून निघते. तीस वर्षांहून अधिक जगलेल्या सुरया आढळल्या आहेत. शिवाय असेन्शनवर ऋतुभेद फारसा नसल्यामुळें त्या दहा महिन्यांच्या आंतच पुन्हां विणीस येतात. चार वर्षांत सुमारें पांच वेळां.

या हिशेबांत मांजर नव्हतें. १८१५ मध्यें नेपोलियन सेंट हेलेना बेटावर बंदिवान झाला, तेव्हां इंग्रजांनीं असेन्शनवर ठाणें बसविलें. उंदीर मारण्यासाठीं आणलेलीं मांजरें रानटी बनलीं व भुईवर बसलेले पक्षी खाऊं लागलीं. एक अंडें गेल्यास दुसऱ्या विणीची आशा असते. परंतु प्रौढ पक्षी मेला म्हणजे त्याच्या पुढील सर्व विणीच बुडाल्या.

अखेर २००२ पासून रानटी मांजरें नाहींशीं करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें व २००६ मध्यें बेट त्यांपासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. फ्रिगेट पक्ष्यांची एक जात जगांत येथेंच वीण करते. ती शेजारच्या लहानशा खडकावर तग धरून होती. २०१२ मध्यें, दीड शतकाहून अधिक काळानें, तिनें मूळ बेटावर पुन्हां घरटें केलें. उंदीर मात्र अजून तेथें आहेत. म्हणून अंडीं व पिलें यांची राखण संपलेली नाहीं.