पोलिसाच्या थपडेला टाळी कुणाची?

इटालियन सिनेमा म्हटलं की फिल्म क्लबवाल्यांना 'बायसिकल थीव्हज' आठवतो, आणि बाकीच्यांना क्लिंट ईस्टवुडचे घोडे! पण १९७० च्या दशकात तिथे आणखी एक प्रकार तुफान चालला. मारधाडीचे, रक्ताळलेले पोलिसपट. समीक्षकांनी नाक मुरडून त्यांना नाव दिलं 'पोलित्सियोत्तेस्को', म्हणजे आपल्या भाषेत 'पोलिसछाप'. व्हायवाला हा उच्चार विचारला तर अख्खा वर्ग नापास.

फॉर्म्युला अगदी सोपा. भरदिवसा बँकेवर दरोडा पडतो. पोलिसांची अल्फा रोमिओ गल्लीबोळांतून सुसाट पाठलाग करते. गुन्हेगार सापडतो, पण वकील त्याला सोडवतो. मग संतापलेला पोलिस अधिकारी कायदा गुंडाळून ठेवतो आणि हात उचलतो. थिएटरात टाळ्या! नुसती नावंच बघा ना. एन्झो कास्तेल्लारीच्या १९७३ च्या सिनेमाच्या नावाचा अर्थ 'पोलिस आरोप ठेवतात, कायदा सोडून देतो'. उंबेर्तो लेन्झीच्या १९७४ च्या सिनेमाच्या नावातच तक्रार आहे, की पोलिसांना गोळी झाडता येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, असले सिनेमे तर सगळीकडेच असतात, त्यात काय एवढं? फरक असा की तेव्हा इटलीत थिएटरच्या बाहेरही तेच चाललं होतं. १२ डिसेंबर १९६९ ला मिलानमध्ये पियात्सा फोंताना इथल्या बँकेत बॉम्ब फुटला, १७ माणसं गेली. पोलिसांनी अराजकवाद्यांना धरलं. त्यांतला एक रेल्वे कामगार, जुझेप्पे पिनेल्ली. १५ डिसेंबरच्या रात्री चौकशी चालू असताना तो पोलिस मुख्यालयाच्या खिडकीतून खाली पडून मेला. त्या प्रकरणातले अधिकारी लुईजी कालाब्रेझी यांना १७ मे १९७२ ला घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. शिवाय खंडणीसाठी अपहरणं चालूच होती.

त्यामुळे एकाच सिनेमाला दोन प्रेक्षक मिळाले. तिथे थिएटरांचीही उतरंड असायची. नवा सिनेमा आधी शहराच्या मध्यवस्तीत, महाग तिकिटाला. मग दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उपनगरांत आणि छोट्या गावांत, स्वस्तात. हे सिनेमे त्या स्वस्त थिएटरांत खूप दिवस पाय रोवून असायचे. दरोडे आणि अपहरणांच्या बातम्यांनी पिचलेल्या माणसाला निदान दोन तास तरी कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटायचं. डाव्या विचारांच्या समीक्षकांना मात्र पडद्यावर तो अधिकारी दिसला की पिनेल्लीची खिडकी आठवायची. त्यांनी या सिनेमांना सरळ 'फॅसिस्ट' ठरवलं.

गंमत म्हणजे सगळेच सिनेमे एका माळेचे मणी नव्हते. या लाटेची सुरुवात ज्याने झाली असं मानतात, त्या स्तेनोच्या १९७२ च्या 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' या सिनेमात सुटलेल्या गुन्हेगारांना परस्पर मारणारी एक गुप्त टोळी आहे, आणि नायक पोलिस तिच्याच मागावर असतो. म्हणजे पहिलाच सिनेमा धोक्याची घंटा वाजवत होता. टाळ्यांच्या गडगडाटात ती पुढे ऐकू येईनाशी झाली, इतकंच.

आमच्या कॉमन रूममध्ये लेन्झीचाच १९७६ चा 'रोमा आ मानो अरमाता' प्रोजेक्टरवर लावला होता. मिशीवाल्या माउरित्सियो मेर्लीने पहिली थप्पड मारली आणि मागच्या रांगेतून शिट्ट्या! पुढचे दोघं-तिघं उठून गेले. नंतर मेसमध्ये जी जुंपली ती जेवण थंड होईपर्यंत. तिथे मी जे म्हणालो तेच इथे लिहितो.

या सिनेमांत एक साधी युक्ती असते. गुन्हा आपल्याला आधी दाखवतात. दरोडा कुणी घातला, गोळी कुणी झाडली, हे कॅमेऱ्याने आपल्याला डोळ्यांदेखत दाखवलेलं असतं. म्हणून पोलिसाची थप्पड कधी चुकत नाही, आणि वकील नुसता खोडा घालणारा वाटतो. खऱ्या आयुष्यात हा कॅमेरा नसतो. पिनेल्लीचा त्या बॉम्बशी काहीही संबंध नव्हता. कोर्टांनी पुढे तो स्फोट अतिउजव्या गटाचा ठरवला, आणि २००९ साली राष्ट्राध्यक्ष नापोलितानो यांनी पिनेल्लीला निर्दोष बळी म्हणून मान दिला. चाळीस वर्षांनी! आपल्याला खटला, साक्षी-पुरावे हवेत ते याचसाठी. कोर्ट म्हणजे त्या नसलेल्या कॅमेऱ्याची कामचलाऊ भरपाई आहे.

पण शिट्ट्या मारणाऱ्यांना मूर्ख म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही. १९७५ साली इटलीत 'रेआले कायदा' आला. त्याने पोलिसांचे अटकेचे आणि शस्त्र वापरण्याचे अधिकार वाढवले. तो रद्द करावा का, यावर जून १९७८ मध्ये सार्वमत झालं. माजी पंतप्रधान आल्दो मोरो यांचं प्रेत सापडून जेमतेम महिना झाला होता. सुमारे ७६ टक्के लोकांनी कायदा ठेवा असंच सांगितलं. भीती खरी होती हो! घाबरलेल्या माणसाला लेक्चर नको असतं, सुरक्षितता हवी असते.

पुढे खाजगी टीव्ही आला, थिएटरं ओस पडली आणि १९८० च्या सुमारास ही लाट ओसरली. २००४ साली व्हेनिसच्या महोत्सवात टॅरंटिनोच्या पुढाकाराने असे जुने सिनेमे मानाने दाखवले गेले. आता जगभर लोक ते गाड्या, मिशा आणि संगीतासाठी बघतात. आपणही जरूर बघा, मजा येते. फक्त टाळी वाजवण्याआधी एकदा मनातल्या मनात गुन्ह्याचा तो पहिला सीन कापून टाका. मग थप्पड कुणाला बसली हे माहीत नसतानाही टाळी वाजते का, ते बघा.